वाईट आठवड्यातपण जमेल तेच टार्गेट ठरवा

जानेवारीत सकाळी सहाला आमच्या साताऱ्यात चार भिंतीकडं चढणारा रस्ता बघा, नवे बूट, नवे ट्रॅकसूट, जोडीजोडीनं चाललेली माणसं, आणि मग तोच रस्ता मार्चमध्ये बघा, परत तेच जुने दहा-वीस ओळखीचे चेहरे. मी हे बरीच वर्षं बघतेय आणि त्यातला एक जानेवारी माझा स्वतःचापण होता म्हणून यावर मनापासून लिहायचं होतं. जी माणसं गळतात ना ती आळशी नसतात हो. पहाटे उठून चार डबे करणारी बाई आळशी कशी असेल? होतं काय, की आपण टार्गेट ठरवतो ते आपला सगळ्यात चांगला आठवडा डोळ्यापुढं ठेवून, म्हणजे पोरं आजारी नाहीत, पाहुणे नाहीत, ऑफिसात मार्च एंड नाही, पाऊस नाही. आणि असा आठवडा वर्षात येतो किती वेळा?

माझं सांगते. एका जिमची वर्षाची फी एकदम भरली, तिथं मला तीन महिन्यात 15 किलोचं टार्गेट दिलं आणि एक छापील डाएट चार्ट, ब्रोकोली, ओट्स, ग्रिल्ड चिकन, रात्री फक्त सूप. घरात सहा माणसं, सगळ्यांचं जेवण वेगळं आणि माझं वेगळं, दोन-दोन गॅसवर दोन-दोन स्वयंपाक. सात आठवडे रेटलं, पाच किलो उतरले, मग घरात लग्न निघालं, बस्ता, केळवणं, पाहुणे, आणि जूनपर्यंत पाचच्या पाच किलो परत. फी गेली ते गेलीच पण 'आपल्याच्यानं होत नाही' हे डोक्यात बसलं आणि ते काढायला दोन वर्षं लागली. म्हणून आता मला कोणी जाऊबाई, मैत्रीण विचारते की 'ताई किती दिवसात किती किलो?' तेव्हा मी आधी उलटं विचारते, की तुझा गेल्या महिन्यातला सगळ्यात वाईट आठवडा कोणता होता ते सांग, आणि त्या आठवड्यातपण तू काय करू शकली असतीस?

तर पहिलं काम म्हणजे सात दिवस काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं. पोरांची जुनी वही घ्या. किती वाजता उठलो, चहा किती कप, सोबत काय खाल्लं, किती चाललो, किती वाजता जेवलो, कधी झोपलो. खरं खरं लिहा, कोणाला दाखवायची नाहीये. मी लिहिलं तेव्हा मला कळलं की माझं दुपारचं-रात्रीचं जेवण ठीक होतं, घोळ होता तो संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या मधे, ऑफिसवरून आल्यावर भूक लागलेली असायची आणि हाताशी फरसाण नाहीतर बिस्किटं. हे कुठल्याच चार्टमध्ये आलं नसतं.

त्याच आठवड्यात दोन-चार मापं घेऊन ठेवा. वजन तर सगळेच बघतात, पण शिंप्याचा टेप घेऊन पोटाचा घेर मोजा, बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्या भारतीय लोकांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही रेघ धरतात, त्याच्या वर गेलं की शुगर, बीपी, हार्टचा धोका वाढतो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, काढायचा तर वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये दोनदा. आपल्याकडं 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, परदेशी तक्त्यात हेच आकडे 25 आणि 30 असतात, त्यामुळं इंटरनेटवरचा कुठलाही तक्ता बघून 'मी नॉर्मल आहे' म्हणून खूश होऊ नका. आपल्या लोकांना दिसायला बारीक असूनपण पोटात चरबी असते आणि शुगर लवकर येते.

चाळिशी पार असेल, घरात कोणाला शुगर असेल, छातीत भरून येत असेल, चढताना नको इतका दम लागत असेल तर आधी डॉक्टरांकडं जाऊन बीपी आणि रक्त तपासून घ्या, हे टाळू नका. एचबीएवनसी म्हणून टेस्ट असते, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते, 5.7 च्या खाली नॉर्मल, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर, 6.5 आणि त्याच्या पुढं डायबेटिस. आणि ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी स्वतःच्या मनानं जेवण कमी करून व्यायाम वाढवू नये, शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते, डोस बदलायला लागतो का ते आधी विचारायचं.

आता टार्गेट. किलो हे टार्गेट धरूच नका, कारण किलो आपल्या हातात नसतो. आज रात्री पापड-लोणचं जास्त खाल्लं तर उद्या सकाळी काटा एक किलो वर दाखवेल, ते मिठानं धरून ठेवलेलं पाणी असतं. आणि डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो धपकन उतरतात तेपण बहुतेक पाणीच असतं, शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी असतं, साठा संपला की पाणी जातं. मग तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही आणि माणूस म्हणतो बंद पडलं, सोडून द्या. बंद काही पडलेलं नसतं, चरबी हळूहळू कमी होतच असते. आठवड्याला साधारण अर्धा किलो हा चांगला, टिकणारा वेग आहे, काही आठवड्यात तेवढंपण होत नाही आणि ते चालतं.

हातात काय असतं तर काम. 'मी आठवड्यातले चार दिवस जेवणानंतर 20 मिनिटं चालणार' हे टार्गेट. 'मी फिट होणार' हे टार्गेट नाही, कारण शनिवारी झालं का नाही हे सांगताच येत नाही. आणि प्रत्येक टार्गेटला दोन आकडे लावा, एक चांगल्या आठवड्याचा आणि एक वाईट आठवड्याचा. माझा पहिला होता, चांगला आठवडा पाच दिवस 30 मिनिटं, वाईट आठवडा तीन दिवस 10 मिनिटं, आणि खालचा आकडा झाला तरी आठवडा पास. हसू नका, या खालच्या आकड्यानंच मला वाचवलंय. सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा मी तिथल्याच जिन्यावर दहा मिनिटं वर-खाली केलं, तीन दिवस, आणि घरी आल्यावर परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही कारण थांबलंच नव्हतं.

कुठं पोचायचं ते माहिती असावं म्हणून सांगते, जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं मोठ्या माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, नाहीतर 75 ते 150 मिनिटं जोरातला, आणि दोन दिवस तरी स्नायूंचा व्यायाम. मध्यम म्हणजे काय तर चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. ही मिनिटं तुकड्यातुकड्यात केली तरी मोजली जातात. रोज 10,000 स्टेप्सचं एवढं टेन्शन घेऊ नका, तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावावरून आलाय, डॉक्टरांनी मोजून-मापून काढलेला नव्हता. तुमची आत्ता 3,000 होत असतील तर 4,500 करा, त्याचापण फायदा होतो.

साताऱ्यात एक गोष्ट आपल्याला फुकट मिळालीय ती म्हणजे चढ. सपाटीवर तासभर चालून जेवढी मेहनत होते तेवढी चढावर निम्म्या वेळात होते. पण नवीन माणसाची चूकपण तिथंच होते, पहिल्याच रविवारी अजिंक्यतारा किल्ल्यावर जायचं, पोरांबरोबर फोटो काढायचे आणि सोमवारी गुडघे धरून बसायचं. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो, पण गुडघ्याला आणि मांडीला खरा मार बसतो तो उतरताना, कारण मांडीचे स्नायू सारखे ब्रेक मारत असतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. पहिले तीन-चार आठवडे सपाटीवरच चाला, शाहू स्टेडियम असेल, गोडोलीचं तळं असेल, नाहीतर सरळ तुमची कॉलनी. मग चढावर फक्त दहा मिनिटं वर आणि परत, दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवा, उतरताना पावलं छोटी टाका, घाई नको. अशा हिशोबानं गेलात तर दोन-अडीच महिन्यात डांबरी रस्त्यानं न थांबता वर पोचाल आणि खाली अख्खं सातारा दिसताना जे वाटतं ते मी सांगत बसत नाही.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचं बरेच जण विचारतात. 21 किलोमीटर, जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि येताना तोच उतरायचा, ही आपल्या गावची शान आहे आणि पळावंच, पण दोन महिन्यांवर आलीय म्हणून आज नाव नोंदवू नका. आधी 5 किलोमीटर आरामात, मग 10, मग चढाची सवय, ज्याला काहीच सवय नाही त्यानं आठ-दहा महिने हाताशी ठेवावेत, म्हणजे या वर्षी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवा आणि पुढच्या वर्षी पळा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पोचली, दहावी आली, आपल्या सगळ्यांना किती अभिमान वाटला होता, पण त्याच्यामागं शाळेपासूनची वर्षानुवर्षांची धाव होती, ती आपल्याला टीव्हीवर दिसत नाही.

स्नायूंचा व्यायाम म्हटलं की बायका घाबरतात, की दंड फुगतील. काही फुगत नाहीत. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, म्हणून तर पन्नाशीत खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठवत नाही. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठ-बस, भिंतीला हात टेकून दहा पुशअप, टाचा वर करून पंधरा वेळा, आणि पाण्यानं भरलेली दोन-लिटरची बाटली घेऊन हात वर-खाली. सगळं मिळून बारा मिनिटं. आठवड्यातून दोनदा. बास.

आता खाण्याकडं येते आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण वजनाचा मोठा भाग इथंच ठरतो. पाच किलोमीटर चालून साधारण एका वडापावाइतक्या कॅलरी जातात, म्हणजे व्यायाम करून 'आता खाल्लं तरी चालतंय' हे गणित जुळतच नाही.

वेगळा स्वयंपाक करू नका. ज्या दिवशी तुमचं ताट घरातल्यांपेक्षा वेगळं झालं त्या दिवसापासून तुमच्या डाएटचे दिवस मोजायला घ्यायचे. बदल कढईत करा, म्हणजे सगळ्या घराचा होतो. आणि कढईतला बदल मोजायचा सोपा मार्ग म्हणजे वाण्याची यादी. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तिनं 2024 मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांचा आधार घेऊन मी रोज माणशी तेल 27 ते 30 ग्रॅम, साखर 20 ते 25 ग्रॅम आणि मीठ 5 ग्रॅमपर्यंत असं धरलं. आता रोज कोण ग्रॅम मोजत बसणार, म्हणून मी महिन्याचा हिशोब केला. चार माणसांच्या घराला महिन्याला तेल साडेतीन ते चार लिटर, साखर अडीच ते तीन किलो आणि मीठ 600 ग्रॅम. बघा तुमच्या यादीत काय येतं ते. साखरेत गूळ, बिस्किटं, सरबत, मिठाई सगळं धरायचं आणि तेलात बाहेरचं तळलेलंपण. आमच्या सहा जणांना हिशोबानं जास्तीत जास्त सहा लिटर तेल लागायला हवं होतं आणि येत होतं साडेनऊ लिटर! एकदम सहावर आणलं असतं तर घरात भांडणं झाली असती, म्हणून दर महिन्याला अर्धा लिटर कमी मागवलं, सात महिने लागले आणि कोणाच्या लक्षातपण आलं नाही. फोडणीला तेल डब्यातून ओतायचं बंद केलं, चमच्यानं घालायचं. कट-तर्री आली की वर तेलाचा थर दिसला पाहिजे ही आपल्याकडची सवय आहे, पण चव कांदा-लसूण मसाल्याची असते, तो मसाला नीट परतला की निम्म्या तेलातपण कालवण झणझणीत होतं. शेंगदाण्याच्या कुटातपण तेलच असतं, दाण्याच्या वजनाच्या जवळपास निम्मं, तेव्हा कूट घातला की फोडणीचं तेल कमी करा.

गुळाबद्दल एक बोलायचंय, कारण आपला भाग उसाचा, गुऱ्हाळं जवळ, आणि सगळ्यांना वाटतं की साखर सोडली गूळ धरला की झालं. गुळात थोडं लोह-खनिजं असतात हे खरं पण शरीराला ती साखरच, कॅलरी जवळजवळ तेवढ्याच. महाबळेश्वरच्या मधाचंपण तेच. ज्यांना शुगर आहे त्यांनी तर 'गुळाचा चहा आहे' म्हणून तीन कप पिऊ नयेत. चहात साखर कमी करताना पाव चमचा पाव चमचा करा, दोन आठवड्यात जीभ सरावते. कंदी पेढे सोडा असं मी कोणाला सांगणार नाही, मी स्वतः सोडले नाहीत, पण डबा घरात उघडा ठेवायचा नाही, सणाला आणायचा, एकेक खायचा, आणि उरलेले वाटून टाकायचे.

प्रोटीनसाठी महागडे डबे घ्यायची गरज बहुतेकांना पडत नाही. साध्या तब्येतीच्या माणसाला किलोमागं साधारण 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या बाईला 50 ग्रॅम. दिवसभरात ज्वारीच्या दोन मध्यम भाकरीत 10 ग्रॅम, वाटीभर घट्ट आमटीत 7, वाटीभर मटकीच्या उसळीत 8, मोठा कप दुधात 8, दोन अंड्यात 12, मूठभर शेंगदाण्यात 6, झाले की 51. अडचण अशी की आपली आमटी असते पातळ, वाटीत डाळ शोधायला लागते, आणि घरातल्या बाईच्या वाट्याला तर शेवटचं पाणीच येतं. तेव्हा आमटी घट्ट करा आणि बाईनं सगळ्यांबरोबर बसून जेवावं, हे मला मोठ्यानं सांगायचंय. कोरेगावचा वाघा घेवडा, अख्खा मसूर, हुलगा, पावटा, हे सगळं आपल्याच रानातलं, आणि आठवड्याला वार लावून दिला की 'आज काय करू' हा प्रश्नपण मिटतो. अख्खा मसूर मात्र घरी करा, हॉटेलात तेल फार असतं.

ताट वाढताना निम्मं ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी, पाव ताट भाकरी किंवा चपाती किंवा भात (तिन्ही एकदम नको), पाव ताट उसळ-डाळ-अंडी-मासे-मटण. आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, मग भाकरी. शाळू चांगलाच आहे पण भाकरीनं आपोआप वजन उतरतं असं काही नसतं, पिठाच्या कॅलरी ज्वारीच्या आणि गव्हाच्या जवळपास सारख्याच, भाकरीला तेल लागत नाही आणि एक-दीडमध्ये पोट भरतं हा तिचा फायदा.

आणि ती संध्याकाळची साडेपाचची भूक. तिच्याशी भांडू नका, तिची सोय करा. मी डब्यात फुटाणे, एक केळं नाहीतर पेरू ठेवते आणि ऑफिसमधून निघायच्या आधी खाते, घरी पोचते तेव्हा फरसाणाची बरणी बोलवत नाही. तुमच्या वहीत जी वेळ अडचणीची निघेल तिच्यासाठी आदल्या दिवशीच काहीतरी ठरवून ठेवा.

जत्रा, लग्न, मटणाचा रविवार यांना टार्गेटमध्येच जागा द्या. आमच्या गावची यात्रा असते तेव्हा दोन दिवस मी काही मोजत नाही, रस्सा भाकरी पोटभर खाते, फक्त तिसऱ्या दिवशी सकाळी चालायला जायचं हे आधीच ठरलेलं असतं. उपाशी राहून भरपाई करायची नाही, दुसऱ्या दिवशी उपास केला की संध्याकाळी दुप्पट खाल्लं जातं. तसंच पावसाचं, जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, शेवाळलेल्या चढावर जाऊन पाय मोडून घेऊ नका. पावसाळ्याचा प्लॅन मे मध्येच करा, घरातले सूर्यनमस्कार, जिना, एका जागी चालणं, आणि या चार महिन्यात नुसतं टिकवून ठेवायचं, वाढवायचं नाही.

एका वेळी दोनच टार्गेट, एक चालण्याचं एक खाण्याचं. सलग तीन आठवडे दोन्ही पास झाले की मगच एक वाढवा, एखादा आठवडा फेल गेला तर खालच्या आकड्यावर या. सलग दोन आठवडे खालचापण जमला नाही तर टार्गेट मोठं झालंय, ते निम्मं करा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, काही न खाता. पोटाचा घेर महिन्यातून एकदा. कपडे सैल झाले का, जिन्यानं दम कमी लागतो का, झोप लागते का, हेपण वहीत लिहा.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर आमच्या सासूबाईंनी पण वही मागितली. वय 68, गुडघे दुखतात. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही काय लिहिणार?" तर म्हणाल्या, "तू लिहितीस तेच." त्यांचं टार्गेट, खुर्चीवरून हात न टेकता चांगल्या दिवशी दहा वेळा उठायचं, वाईट दिवशी तीन वेळा. सिरियलच्या जाहिराती लागल्या की करतात. पहिल्या आठवड्यात सगळीकडं तीन-तीनच होतं, काल बघितलं तर आठ लिहिलेलं होतं.